टेबलापलीकडे मुकुंद

२ मे, शुक्रवार

घसा बसलाय. काल चेन्नईच्या सिरुसेरी आयटी पार्कच्या गेटवर मे दिनाची सभा. माईक ऐन वेळी बंद पडला, तशीच ओरडले. मुलंमुली पत्रक घेतात, घडी घालून आयकार्डाच्या मागे सरकवतात आणि चालू लागतात. थांबत कुणी नाही. गार्ड मोबाइलवर आमचं शूटिंग करत होता. करू दे.

आज सकाळी शोळिंगनल्लूरच्या युनियन ऑफिसात कविता नावाची बाई आली. एका आयटी कंपनीत टीम लीड. तिरुनेलवेलीकडची, तिशीतली. परवा तिला एका खोलीत बोलावलं. दारात फोन काढून घेतला, लॅपटॉप आधीच लॉक केलेला. राजीनाम्यावर सही कर, नाहीतर काढून टाकू, मग अनुभवाचं पत्रही मिळणार नाही. नवऱ्याला एक फोन करू द्या म्हणाली. नाही. शेवटी सही केली.

मी नेहमीसारखं लिहून घेत होते. खोलीत कोण कोण होतं?

"एचआरच्या दोघी. आणि आमचे डिलिव्हरी मॅनेजर."

"नाव?"

"मुकुंद सर."

आडनाव तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो माझा कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. शेजारी सेंदिल बसला होता, आमचा सहसचिव. त्याला ठाऊक होतं. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

मी नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचंच नवल वाटलं.

३ मे, शनिवार

मी सरचिटणीस झाले तेव्हा घरात एक नियम केला होता. मुकुंदच्या कंपनीचं त्याने घरात बोलायचं नाही, माझ्या संघटनेचं मी नाही. नियम माझाच. इतकी वर्षं बरा चालला. बोलायला बाकी पुष्कळ असतं: हॉस्टेलवर राहणारी लेक, अम्माचा, म्हणजे सासूबाईंचा, गुडघा, पाण्याची लॉरी, सोसायटीची भांडणं.

आज सकाळी कॉफी घेताना नियम मोडला.

"कविताने सही केली तेव्हा तू होतास खोलीत?"

मुकुंदने कॉफीचा डबरा-पेला खाली ठेवला. "आली का ती तुमच्याकडे? बरं झालं."

"होतास का?"

"मला बस म्हणाले. बसलो." आणि मग, "नियम तूच केला होतास, शुभा."

इस्त्री न केलेला शर्ट घालून बाहेर पडला. शनिवारी ऑफिस नसतं त्याला.

५ मे, सोमवार

अंबत्तूरला जाऊन तोळर, म्हणजे कॉम्रेड, माणिक्कमना सगळं सांगितलं. आमचे राज्य अध्यक्ष. इंजिनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडली, अजून बसने फिरतात. मला या कामात आणलं त्यांनीच. बाळंतपणाच्या रजेवरून परत गेले तेव्हा माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसलेली होती. साताऱ्याहून आलेली मी, तमिळ जेमतेम, वकील कुणी माहीत नाही. ते माझ्याबरोबर लेबर ऑफिसच्या पायऱ्या चढले, पुन्हा पुन्हा चढले. नोकरी परत मिळाली, पण मी ती फार दिवस केली नाही. तोपर्यंत मला दुसऱ्यांसाठी त्या पायऱ्या चढायची सवय लागली होती.

म्हटलं, तोळर, मी राजीनामा देते.

"कंपनी जबरदस्तीने घेतेय, तू फुकट देतेस?" हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "कमिटीसमोर स्वतः सांग. दुसऱ्याच्या तोंडून जायला नको. मग लढ."

जूनमध्ये राज्य परिषद. ते पायउतार होणार, त्यांच्या जागी अध्यक्ष म्हणून माझं नाव आहे. होतं, म्हणावं का?

८ मे, गुरुवार

राज्य कमिटी. उभी राहून सांगितलं: या प्रकरणात कंपनीच्या बाजूने खोलीत बसलेला माणूस माझा नवरा आहे. नंतर सगळे एकदम बोलायला लागले.

सेंदिल शेवटी बोलला. "अक्का, मी तुमच्यावर शंका घेत नाही. बाहेरचे घेतील."

ठरलं असं: केस मीच चालवायची, पण प्रत्येक बैठकीला सेंदिल शेजारी. कंपनीशी एकटीने एक शब्दही बोलायचा नाही. मान्य केलं. त्याच्या जागी मी असते तर हेच मागितलं असतं.

मग कोइम्बतूरचा एक जण म्हणाला, सरांनाच बोलायला सांगा ना. त्यांनी सगळं पाहिलंय. सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

मी नाही म्हटलं. ते घर आहे, साक्षीदारांचं दुकान नाही, असं काहीतरी म्हटलं.

सेंदिल हळूच म्हणाला, "दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर आपण त्याच्या दारात जाऊन बसलो असतो."

खरं आहे. बसलोही आहोत.

११ मे, रविवार

कत्तिरीचं ऊन, इथला ऐन उन्हाळा. पेरुंगुडीत आमच्याकडे वीज तीनदा गेली. अम्माने वत्तकुळंबू, चिंचेचं घट्ट सार, केलं, मुकुंदचं आवडतं. त्याने भात नुसता कालवला आणि उठला.

सासूबाई तंजावरच्या. मराठी त्यांचं जुनं, तमिळ सुरावर चालणारं. लग्नानंतर मला वर्षभर हसू यायचं, आता माझीच वाक्यं तशी संपतात.

"शुभा, त्यास काय जालें गे? दोन दिवस सादम तसाच टाकितो."

"ऑफिसचं काहीतरी असेल, अम्मा."

"मग तू पूस. दुसऱ्यांच्या घरचें सगळें पुसत्येस, आपल्या घरचें पुसावयास काय लाज?"

मी भांडी घासायला घेतली.

१३ मे, मंगळवार

समेटाच्या बैठकीची नोटीस निघाली. लेबर ऑफिसात सोमवारी. कंपनीकडून तिघे येणार: वकील, एचआर प्रमुख, आणि…

संध्याकाळी मुकुंदनेच सांगितलं, बूट काढता काढता. "मला पाठवतायत."

"तुलाच का?"

"तू आहेस म्हणून. दुसरं कारण काय असणार? तू माझ्यासमोर नरम पडशील. नाही पडलीस तर मी तुला फितूर आहे असं म्हणतील, आणि पुढच्या वेळी त्या खोलीत टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी असेन."

"मग नाही म्हण."

"तू बाजूला हो. सेंदिल आहे ना? मी नाही म्हटलं तर माझी नोकरी जाते. तू बाजूला झालीस तर तुझं काय जातं?"

मला राग आला. त्यालाही आला. अम्माने टीव्हीचा आवाज वाढवला.

१४ मे, बुधवार

अबोला.

कविता रोज ऑफिसात येते. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे नेहमीच्या वेळी डबा घेऊन घरातून निघते आणि आमच्याकडे येऊन बसते. तक्रारी टाइप करून देते. तिच्यासारखे आणखी आलेत, रोज कुणी ना कुणी येतं.

मी कोण ते आता तिला कळलंय. डबा खाताना म्हणाली, "सर वाईट नव्हते, मॅडम. माझ्या बहिणीच्या लग्नाला आले होते." थोड्या वेळाने, "त्या दिवशी एचआरचं पेन चालेना. मी हात मागे घेतला. वाटलं, झालं, वाचले. सरांनी खिशातलं स्वतःचं पेन काढून दिलं. माझ्याकडे बघितलं नाही."



१९ मे, सोमवार

पहिली बैठक.

लांब टेबल. एका बाजूला मी, सेंदिल, कविता. समोर वकील, एचआर प्रमुख, मुकुंद. अधिकारी बाई शांत, चष्मा नाकावर. हजेरी घेताना दोनदा तेच आडनाव आलं तेव्हा वर बघितलं.

"नातं?"

"माझे पती," मी म्हटलं.

"कुणाचा आक्षेप?" कुणाचाच नाही. कंपनीचा वकील तर चक्क हसला.

त्यांचं म्हणणं सरळ: राजीनामे स्वखुशीने दिलेले. शिवाय टीम लीड म्हणजे व्यवस्थापक, कायद्यातले कामगार नव्हेतच, तेव्हा युनियनचा काही संबंध नाही. मी विचारलं, टीम लीड कुणाची रजा मंजूर करू शकते का? कुणाला कामावर घेऊ शकते, काढू शकते? अधिकारी बाईंनी मुकुंदकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं, तोवर वकिलाने उत्तर देऊन टाकलं. मुकुंदने तोंड मिटलं.

इतकी वर्षं शेजारी झोपलेला माणूस समोरून कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं. म्हातारा दिसतो.

पुढची तारीख २९. तो कंपनीच्या गाडीतून गेला, मी सेंदिलबरोबर बसने. घरी दोघे एकाच कुकरमधलं जेवलो.

२१ मे, बुधवार

एचआर प्रमुखाने भेटायला बोलावलं. सेंदिलला घेऊन गेले. एसी इतका की ओठ बधिर. त्याचा देकार: कविताला परत घेतो, तिच्याच टीममध्ये. बाकीच्यांना चांगली पत्रं देतो. बदल्यात युनियनने केस मागे घ्यायची.

निघताना माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्याही घरी शांतता राहील, मॅडम."

जिन्यात सेंदिल म्हणाला, अक्का, आत्ता तुमचा हात उठला असता तर मी धरला नसता.

पण देकार कवितासाठी होता, तेव्हा तिला सांगणं भाग. सांगितलं. ती बराच वेळ डब्याचं झाकण फिरवत राहिली. मला आत कुठेतरी वाटत होतं, ती हो म्हणू दे. हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

"त्याच सरांच्या टीममध्ये? रोज गुड मॉर्निंग म्हणायचं?" मग झाकण लावलं. "नको. आणि बाकीच्यांना काय तोंड दाखवू?"

२५ मे, रविवार

पाण्याची लॉरी येणार म्हणून मुकुंद खाली टाकीपाशी उभा होता. मीही गेले. लॉरी आली नाही. कट्ट्यावर बसलो. किती दिवसांनी शेजारी.

त्याने आपणहून सुरुवात केली. मान खाली, चपलेने वाळू सारत. "बोलायची वाक्यं लिहूनच देतात आम्हाला. इतक्यांदा म्हटली की आता झोपेतही येतील…"

मी त्याला थांबवलं. "मुकुंद, मला सांगू नकोस. हे मी वापरीन."

"माहितीये."

"खरंच वापरीन."

"ऐक ना जरा. आणखी कुणाला सांगू?"

ऐकलं. तो सगळं बोलला. त्या खोलीतलं सगळं. एकदा आवाज फुटला, तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

वर आलो तर अम्मा म्हणाल्या, "आलें काय पाणी?" दोघेही एकदम नाही म्हणालो, आणि जरासे हसलोही.

२६ मे, सोमवार

माणिक्कमना फोन. नेमकं काय कळलं ते सांगितलं नाही, फक्त मुकुंद बोलला एवढंच सांगितलं.

"घरात ऐकलेलं टेबलावर चालत नाही," ते म्हणाले. "तो स्वतः बोलला तरच. आणि तू विचारायचं नाहीस. सेंदिल विचारील."

दुपारी सेंदिल प्रश्न काढत बसला होता. चांगले होते, पण सगळे बाहेरबाहेरचे. वकील सहज उडवून लावील असे. मी उठून पाणी पिऊन आले. पुन्हा बसले.

मग म्हटलं, "असं विचार: सही करायला नकार देणारा कुणी होता का? आणि त्याचं पुढे काय झालं?"

सेंदिलने माझ्याकडे बघितलं. लिहून घेतलं.

२८ मे, बुधवार

मुकुंदला सांगायला हवं होतं. सकाळी सांगणार होते, तो अंघोळीला गेला. संध्याकाळी सांगणार होते. तो फार दिवसांनी नीट जेवला, अम्माशी तमिळ सिनेमावरून वाद घातला, मला म्हणाला, उद्याचं उद्या बघू.

मी बरं म्हटलं.

२९ मे, गुरुवार

दुसरी बैठक.

सेंदिलने आधीचे प्रश्न विचारले. वकिलाने उडवले. मग तो प्रश्न. वकील उठला, हे चौकशीच्या बाहेरचं आहे म्हणाला. अधिकारी बाई म्हणाल्या, ऐकू तरी.

मुकुंदने सेंदिलकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. हे कळलेलं मी पाहिलं.

खोटं बोलेल असं वाटलं. मी त्याला दोष दिला नसता.

"होता," तो म्हणाला. "एक मुलगा होता."

"काय झालं त्याचं?"

"त्याला बाहेर जायचं होतं. त्याला दम्याचा त्रास. पंप बाहेर बॅगेत राहिला होता." वकील त्याचा हात धरत होता. "मी दाराला खुर्ची लावून बसलो होतो. मी उठलो नाही. सही झाल्यावर उठलो."

"असं बसायला कुणी सांगितलं?"

मुकुंदने शेजारी बोट दाखवलं. एचआर प्रमुख पाण्याची बाटली उघडत होता, ती तशीच हातात राहिली.

अधिकारी बाई लिहीत होत्या. वकिलाने वेळ मागितला. कविता रडत होती, आवाज न करता.

बाहेर व्हरांड्यात मुकुंद माझ्यापाशी थांबला.

"प्रश्न तुझा होता."

"हो."

"मी तुला सांगितलं ते नवऱ्याने बायकोला सांगितलं होतं, शुभा."

मी म्हणू शकले असते, मी तुला आधीच बजावलं होतं. बजावलं होतंच. तो जिना उतरून गेला.

३० मे, शुक्रवार

त्याचं कार्ड गेटवर चाललं नाही. "रजेवर" पाठवलंय, चौकशी होईपर्यंत. हे मला त्याच्याकडून नाही, कविताच्या जुन्या टीममधून कळलं.

संघटनेच्या ग्रुपवर लाल झेंडे, टाळ्या, अक्का असं नि अक्का तसं. कुणीतरी माझा मे दिनाचा फोटो टाकलाय, तोंड उघडलेला. फोन पालथा ठेवला.

घरी अम्मा एकट्या. "तो तंजावुरास गेला, मामाकडे. मज सांगून गेला." थोडं थांबून, "तुज नाही सांगितलें?"

"नाही."

त्यांनी दोसे घातले. मी बसले तर पहिला माझ्या पानात वाढला, तेव्हा मात्र मला रडू आलं.

५ जून, गुरुवार

समेट फसला असा अहवाल गेला. प्रकरण आता लेबर कोर्टात. तिथे लागायचा तो वेळ लागेल. पण एक झालं: त्या कंपनीत खोलीत बोलावणं बंद आहे. निदान सध्या. सिरुसेरीतल्या दुसऱ्या एका ठिकाणीही फोन काढून घेणं थांबलंय म्हणतात. नवे सभासद येतायत, आता पत्रक लपवत नाहीत.

दम्याचा तो मुलगा काल ऑफिसात आला. बोलायला तयार आहे. मुकुंद सरांना फोन केला, उचलत नाहीत, म्हणाला. मी म्हटलं, माझाही.

कविताने सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, तू रोज डबा घेऊन निघायचीस म्हणून गप्प बसलो.

८ जून, रविवार

राज्य परिषद. माझं नाव सेंदिलने सुचवलं. सभागृहाने हात वर केले. माणिक्कमनी शाल घातली आणि कानात म्हणाले, "आता रात्री झोप लागणार नाही, सवय कर."

भाषण करायचं होतं. लिहून नेलेलं ठीक होतं, पण मधेच एक मदुरैची बाई उठून म्हणाली, "अध्यक्ष, त्या सरांसाठी संघटना काय करणार? आपल्यामुळे गेले ते."

मी म्हटलं, त्यांनी मागितलं तर सगळं करू. नाही मागितलं तर…

पुढे काय म्हटलं आठवत नाही. टाळ्या वाजल्या, त्या कशाला ते कळलं नाही.

११ जून, बुधवार

सकाळी दार वाजलं. मुकुंद. दाढी वाढलेली, हातात मामीने दिलेली केळीच्या वेफर्सची पिशवी. अम्माने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

"अध्यक्ष झालीस. अभिनंदन." खोचक नव्हतं. मनापासूनही नव्हतं.

मी विचारलं, राहणार आहेस ना? तो खुर्चीवर बसला, पाय ताणले.

"त्यांच्या वकिलाचा फोन आला होता," म्हणाला. "नोकरी परत देतायत. कोर्टात एवढंच सांगायचं की बायकोने घरात गोड बोलून काढून घेतलं आणि बैठकीत माझ्याकडून वदवलं. मग ती जबानी टिकणार नाही म्हणे."

मी उभीच होते. गोड बोलून काढून घेतलेलं नव्हतं. पण बाकीचं तो शपथेवर सांगू शकतो, आणि खोटं ठरणार नाही.

"कधी सांगायचंय?"

"सोमवारपर्यंत."

"काय सांगणार आहेस?"

त्याने माझ्याकडे बघितलं, बैठकीत बघितलं होतं तसं नाही, नुसतंच. "हे कोण विचारतंय? तू, की अध्यक्ष?"

मला खोटं बोलायचं नव्हतं.

"दोघी," म्हटलं.

"दोघींना एक उत्तर नाही देता येणार, शुभा."

आतून अम्माने विचारलं, कॉफी किती जणांस ठेवूं? मी तिघांना म्हटलं.